फॉरमॅट मारण्याआधी

घरचा संगणक दुकानात नेला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: ‘फॉरमॅट मारायला लागतंय.’ तक्रार साधीच असते. नवीन सॉफ्टवेअर बसत नाही, जुनं निघत नाही, स्टोअरचं चिन्ह गायब झालंय, अपडेट अर्ध्यावर अडकतंय. येळ्ळूर, कडोली किंवा सौंदलगा, बोरगावहून सीपीयू पिशवीत घालून मोटारसायकलवर बेळगाव किंवा निपाणी शहरात आणलेला असतो, पुन्हा खेप नको असते, म्हणून माणूस ‘बरं, मारा’ म्हणतो. संध्याकाळी संगणक नव्यासारखा होऊन घरी येतो आणि मग लक्षात येतं की आजोबांनी मराठीत टाइप करून ठेवलेला हिशेब आता उघडत नाही, कारण तो ज्या फाँटात होता तो फाँट गेला. प्रिंटर चालत नाही. लग्नातले फोटो डेस्कटॉपवर होते, तेही गेले.

असे बरेचसे फॉरमॅट टाळता येतात. या तक्रारींमध्ये पूर्ण संगणक बिघडलेला नसतो. सॉफ्टवेअर बसवणारं, काढणारं आणि त्यांची नोंद ठेवणारं जे एक साधन असतं, तेवढंच बिघडलेलं असतं, आणि ते एकटं दुरुस्त करता येतं.

एक सूचना आधीच देतो. खालच्या आज्ञा संगणकावर इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या आहेत. इथे त्या फोनवर सांगाव्यात तशा लिहिल्या आहेत, कारण आपल्याकडे घरगुती दुरुस्ती तशीच होते. पुण्याला नाहीतर बंगळूरला नोकरीला असलेली मुलगी सांगते आणि निपाणीत बाबा टाइप करतात.

बिघडतं ते नेमकं काय

विंडोजमध्ये हे काम तीन यंत्रणांत वाटलेलं आहे. पहिली मायक्रोसॉफ्ट स्टोअर, जी २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आली. दुसरी विंडोज इन्स्टॉलर, जी पडद्यामागे राहून कोणत्या सॉफ्टवेअरच्या फाइली कुठे ठेवल्या याची नोंद ठेवते. तिसरी विंडोज अपडेट. उबुंटू आणि लिनक्स मिंटमध्ये तळाशी डीपीकेजी असतं, जे प्रत्यक्ष फाइली मांडतं. त्याच्यावर एपीटी असतं, जे इंटरनेटवरून हवं ते आणतं आणि कोणत्या सॉफ्टवेअरला आणखी कशाची गरज आहे ते ठरवतं. सगळ्यात वर आपल्याला दिसणारी चित्रांची खिडकी असते.

खिडकी आणि यंत्रणा वेगळ्या आहेत, हे ध्यानात ठेवलं की अर्धं निदान झालं. खिडकी गेली असेल आणि यंत्रणा शाबूत असेल तर काम पाच-दहा मिनिटांचं असतं. यंत्रणेतच घोळ असेल तर वेळ लागतो, पण तिलाही बहुतेक वेळा स्वतःची डागडुजी करता येते.

कधी कधी तर काहीच गेलेलं नसतं, नाव बदललेलं असतं. उबुंटूचं सॉफ्टवेअर सेंटर २००९ च्या ९.१० आवृत्तीत आलं. २०१६ च्या १६.०४ मध्ये त्याच्या जागी ग्नोम सॉफ्टवेअर आलं, २०२० च्या २०.०४ मध्ये स्नॅप स्टोअर आलं आणि २०२३ च्या २३.१० पासून ॲप सेंटर आहे. जुना व्हिडिओ बघून कुणी ‘सॉफ्टवेअर सेंटर’ शोधत बसला तर ते सापडणारच नाही.

लाइट, डिस्क आणि तीन व्होल्टची बॅटरी

आपल्या भागात पहिला संशय विजेवर घ्यायचा. एप्रिल-मे महिन्यांत वळीव सुरू झाला की दुपारनंतर आभाळ भरतं, वारा सुटतो आणि लाइट जाते. निपाणीत वीज हेस्कॉमची आहे. लागूनच अर्जुननगरला, जिथे देवचंद कॉलेज आहे, ती महावितरणची, कारण तो भाग महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात येतो. झाडाची फांदी तारेवर पडली की दोन्हीकडे अंधारच होतो. लॅपटॉपला बॅटरी असते, पण यूपीएस नसलेला डेस्कटॉप त्या क्षणी बंद पडतो. नेमकं तेव्हाच अपडेट चालू असेल तर काही फाइली नव्या, काही जुन्या आणि एखादी अर्धवट लिहिलेली राहते. उबुंटू आधी सगळी पाकिटं सोडतं आणि मग एकेक बसवतं. या दोन टप्प्यांच्या मध्ये लाइट गेली तर पाकीट सोडलेलं असतं पण बसवलेलं नसतं, आणि पुढचं कोणतंही सॉफ्टवेअर घ्यायला यंत्रणा नकार देते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस इथे कामाला येतो. त्याने तासभर काम करायचं नसतं, चालू असलेलं अपडेट संपवून संगणक नीट बंद करायचा असतो. मात्र त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते आणि ती बदलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरं कारण भरलेली डिस्क. जागाच उरली नसेल तर नोंदसुद्धा अर्धवट लिहिली जाते.

तिसरं कारण आपणच असतो. जागा मोकळी करायची म्हणून लोक सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात शिरतात, ‘इन्स्टॉलर’ नावाचं लपवलेलं फोल्डर कित्येक जीबींचं दिसतं आणि ते उडवतात. त्या फोल्डरात बसवलेल्या सॉफ्टवेअरची मूळ पाकिटं असतात. ती गेली की आज काही बिघडल्यासारखं दिसत नाही. सहा महिन्यांनी टॅली किंवा प्रिंटरचं सॉफ्टवेअर अपडेट करायला जावं तर ते जुनी फाइल मागत बसतं. ‘संगणक वेगवान करतो’ म्हणणारी सफाईची सॉफ्टवेअरंही असाच घोळ घालतात.

चौथं कारण सहसा कुणाच्या मनात येत नाही. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते. तिच्यावर सीआर २०३२ असं कोरलेलं असतं आणि ती तीन व्होल्टची असते. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करणाऱ्या घरात ती काही वर्षांत संपते आणि संगणक सुरू होताना तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. इंटरनेटवरच्या सुरक्षित जागांची प्रमाणपत्रं ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ वैध असतात. संगणकाला तारीख जुनी वाटली की तो ती प्रमाणपत्रं नाकारतो. मग स्टोअर उघडत नाही, ब्राउझर इशारे देतो, आणि एपीटी म्हणतं की सर्व्हरवरची यादी अजून वैधच झालेली नाही. एवढ्यावरून फॉरमॅट मारलेले संगणक आहेत, आणि फॉरमॅटनंतरही दुसऱ्या दिवशी तोच बिघाड परत येतो. उजव्या खालच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. चुकलेली असेल तर नाण्याएवढी बॅटरी बदला. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते.

विंडोज: स्टोअर गायब किंवा उघडत नाही

तारीख बरोबर आहे आणि सी ड्राइव्हवर निदान दहा-पंधरा जीबी जागा आहे, हे आधी बघून घ्या. मग विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल, तिथे ‘डब्ल्यूएसरीसेट’ असा एकच शब्द टाइप करून एंटर मारा. काळी खिडकी थोडा वेळ नुसती दिसत राहील, ती बंद करू नका. यात स्टोअरचा साठलेला कचरा जातो. स्टोअर मुळातच नाहीसं झालं असेल तर त्याच शब्दानंतर जागा सोडून डॅश आणि आय लिहा. मग विंडोज स्टोअर पुन्हा उतरवून घेतं. काही मिनिटं काहीच घडत नाही असं वाटेल, पण थांबायचं.

हे करूनही स्टोअर आलं नाही तर एक शक्यता उरते. काही ठिकाणी ‘लाइट’ म्हणून कापलेलं, परवाना नसलेलं विंडोज बसवून देतात. त्यातून स्टोअर, अपडेट, कधी कधी सुरक्षेचा भागही आधीच काढून टाकलेला असतो. तिथे दुरुस्त करायला मूळ वस्तूच नसते. पैसे देऊन घेतलेल्या संगणकात असं विंडोज घालणं ही ग्राहकाची फसवणूक आहे. बिल घेताना ‘विंडोज परवान्याचं आहे का’ हे विचारायला कुणी संकोचू नये.

यंत्रणेच्याच फाइली खराब असतील तर दोन आज्ञा लागतात. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, उजवं बटण दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. पहिली आज्ञा अशी: डीआयएसएम, जागा, तिरकी रेघ लावून ऑनलाइन, जागा, तिरकी रेघ लावून क्लीनअप-डॅश-इमेज, जागा, तिरकी रेघ लावून रिस्टोअरहेल्थ. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळीवरची. ही आज्ञा खराब झालेल्या फाइलींच्या जागी चांगल्या फाइली इंटरनेटवरून आणते, म्हणून जोडणी चालू ठेवा. टक्केवारी एखाद्या आकड्यावर बराच वेळ अडकते. अडकली म्हणून खिडकी बंद केलीत तर केलेलं सगळं वाया जातं. ती संपल्यावर दुसरी आज्ञा: एसएफसी, जागा, तिरकी रेघ लावून स्कॅननाऊ. ही प्रत्येक फाइल तपासून बिघडलेली बदलते. क्रम उलटा करू नका. एसएफसी चांगल्या फाइली ज्या साठ्यातून घेतं, तो साठा आधी डीआयएसएमने दुरुस्त केलेला असावा लागतो.

विंडोज: निघत नाही आणि बसतही नाही

‘दुसरं इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे’ असा संदेश आणि शेजारी १६१८ हा आकडा दिसला तर घाबरण्यासारखं काही नाही. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच काम करतो. पाठीमागे काहीतरी बसत असतं, ते संपू द्या किंवा संगणक एकदा नीट रीस्टार्ट करा. १७१९ हा आकडा आला तर इन्स्टॉलरची सेवाच हाताला लागत नाही असा अर्थ. सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज इन्स्टॉलर’ शोधून ती ‘डिसेबल्ड’ केलेली नाही ना ते पाहा. ती ‘मॅन्युअल’ असणं बरोबर आहे.

मघाशी सांगितलेलं फोल्डर कुणी उडवलं असेल तर त्या सॉफ्टवेअरची अगदी तीच जुनी आवृत्ती मिळवून ती आधी वरून बसवायची आणि मग काढायची किंवा अपडेट करायची. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर इन्स्टॉल-अनइन्स्टॉलच्या अडचणींसाठी एक मोफत ट्रबलशूटर आहे. अडकून बसलेली नोंद तो पुष्कळदा सोडवतो.

इतकं करूनही यश आलं नाही तरी फॉरमॅट हा पुढचा टप्पा नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे विंडोज अपडेटच्या मदतीने तीच आवृत्ती पुन्हा बसवायची सोय आहे. फाइली, सॉफ्टवेअर आणि सेटिंग्ज तशाच राहतात. विंडोज १० मध्ये हेच काम त्याच भाषेच्या आणि त्याच प्रकारच्या विंडोजची आयएसओ फाइल उतरवून, त्यातलं सेटअप चालू विंडोजमधूनच चालवून होतं. ‘फाइली आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय निवडलाय ना, हे दोनदा बघा. काही जीबी उतरवावे लागतात, तेव्हा मोबाइलच्या डेटावर बसू नका.

उबुंटू आणि मिंट

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चालता-बोलता पण जुना संगणक असलेल्यांपुढे लिनक्सचा रस्ता आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियनवर उभारलेलं बॉस लिनक्सही याच कुळातलं, म्हणून खालचं बरंचसं त्यालाही लागू पडतं.

सगळ्यात जास्त दिसणारा संदेश ‘लॉक मिळत नाही’ हा. इंटरनेटवर कुणीतरी सांगतो की लॉकची फाइल उडवा. तसं करू नका. लॉक असतो कारण पाठीमागे आपोआप अपडेट चालू असतं. एकाच नोंदवहीत दोघांनी एकदम लिहू नये म्हणूनच ते कुलूप. ते तोडलं तर साधा उशीर खऱ्या बिघाडात बदलतो. पंधरा-वीस मिनिटं थांबा. तरी सुटलं नाही तर रीस्टार्ट करा.

लाइट गेल्यावरचा बिघाड वेगळा दिसतो. तिथे संगणक स्वतःच सांगतो की डीपीकेजीचं काम मध्येच तुटलं आणि कोणती आज्ञा द्यायची तेही लिहितो: सुडो, जागा, डीपीकेजी, जागा, दोन डॅश आणि त्यांना चिकटून कॉन्फिगर, जागा, एक डॅश आणि ए. उबुंटूवर पासवर्ड टाइप करताना पडद्यावर सहसा एकही ठिपका उमटत नाही. फोनवर इथेच गोंधळ होतो, समोरच्याला वाटतं कीबोर्ड बंद पडला. तसाच टाइप करून एंटर मारायचा. हे झालं की सुडो, एपीटी, दोन डॅश चिकटून फिक्स-डॅश-ब्रोकन, जागा, इन्स्टॉल. अर्धवट राहिलेली पाकिटं बसतात आणि लागणारी आणली जातात. पण होकार विचारला की एंटर मारण्याआधी थांबून वाचा. काढून टाकायच्या गोष्टींची यादी लांबलचक असेल किंवा त्यात ‘उबुंटू-डेस्कटॉप’ असेल तर ‘एन’ दाबा आणि जाणकाराला विचारा.

सर्व्हरवरची यादीच उतरत नसेल तर ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये भारताचा सर्व्हर बदलून मुख्य सर्व्हर निवडून पाहा. सगळीकडून ४०४ येत असेल तर बहुधा आवृत्तीची मुदत संपलेली असते. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्या फक्त नऊ महिने सांभाळल्या जातात. दीर्घ मुदतीच्या, म्हणजे २२.०४ किंवा २४.०४ सारख्या, पाच वर्षं. घरच्या संगणकावर दुसऱ्या प्रकारचीच असावी. उतरलेली यादी खराब असेल तर व्हार, लिब, एपीटी या वाटेवरच्या ‘लिस्ट्स’ फोल्डरचं नाव बदला आणि पुन्हा सुडो एपीटी अपडेट द्या, यंत्रणा नवं फोल्डर बनवते. नाव बदला म्हणतोय, पुसा म्हणत नाही. पुसायची आज्ञा फोनवरून कधीही सांगू नये, एक जागा जास्त पडली तर भलतंच पुसलं जातं.

खिडकीच गेली असेल तर मिंटवर सुडो एपीटी इन्स्टॉल मिंटइन्स्टॉल, आणि उबुंटूवर सुडो स्नॅप इन्स्टॉल स्नॅप-डॅश-स्टोअर. या दोन्हींबरोबर सिनॅप्टिकही बसवून ठेवा. ब्राझीलच्या कोनेक्टिवा या कंपनीत जन्मलेलं हे साधन दिसायला जुनाट आहे, पण झकपक खिडक्या रुसतात तेव्हाही चालतं आणि काय तुटलंय ते स्पष्ट दाखवतं.

नोंदवहीच फाटली तर

काय काय बसवलंय याची नोंद डीपीकेजी एकाच साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतं. व्हार, लिब, डीपीकेजी या वाटेवर ती ‘स्टेटस’ नावाने असते. ती रिकामी किंवा खराब झाली तर संगणकाला वाटतं, आपल्यावर काहीच बसवलेलं नाही. सॉफ्टवेअर सगळी जागेवर असतात, चालतातही, पण नव्याने काही बसत नाही. ज्यांनी ही यंत्रणा घडवली त्यांनी हा प्रसंग आधीच गृहीत धरला होता. शेजारीच ‘स्टेटस-ओल्ड’ ही आदली प्रत असते. शिवाय व्हार, बॅकअप्स या फोल्डरात ‘डीपीकेजी.स्टेटस.०’ आणि तिच्या मागच्या काही प्रती असतात. त्या रोज तपासून, बदल झाला असेल तरच घेतल्या जातात. खराब फाइलीचं नाव बदलून बाजूला ठेवायचं, चांगली प्रत त्या जागी आणायची, मग अपडेट आणि फिक्स-ब्रोकन.

एपीटीच काढलं गेलं असेल तर दुसऱ्या संगणकावरून आपल्याच आवृत्तीचं एपीटीचं डेब पाकीट पेन ड्राइव्हवर आणून डीपीकेजीने बसवता येतं. डीपीकेजीही गेलं असेल तर उबुंटूच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून संगणक चालू करायचा आणि तिथल्या डीपीकेजीला घरच्या डिस्कचा पत्ता देऊन पाकिटं बसवायची. हे मात्र अनुभवी हातांचं काम आहे. बेळगावात व्हीटीयू आहे, उद्यमबागेत जीआयटी आहे, निपाणीतही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. संगणकशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला रविवारी चहाला बोलावलंत तर तो हे करू शकेल, आणि त्याचंही शिक्षण होईल.

मराठी, कन्नड आणि जुने फाँट

सीमाभागातल्या घराची एक गरज वेगळी आहे. इथे एकाच संगणकावर लग्नपत्रिकेचा मजकूर मराठीत आणि जमिनीची पहाणी कन्नडमध्ये वाचायची असते. उबुंटूवर ‘फाँट्स-इंडिक’ हे एक पाकीट बसवलं की देवनागरी आणि कन्नड दोन्ही फाँट येतात. सॉफ्टवेअरची यंत्रणा बिघडलेली असली की हेच अडतं आणि पडद्यावर चौकोन दिसतात. चौकोन दिसले म्हणून ‘फाइल करप्ट आहे’ असं ठरवू नका.

श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या आवृत्त्यांत टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो. तो फाँट नसला तर मजकूर असूनही वाचता येत नाही. म्हणून फॉरमॅट टळत नसेल तर फोटो आणि कागदपत्रांबरोबर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातलं ‘फाँट्स’ हे फोल्डरही बाहेरच्या डिस्कवर घ्या. टॅलीचा डेटा कुठे आहे ते टॅलीच्याच पडद्यावर बघून तो वेगळा घ्या. बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी विंडोजमध्ये ‘विनगेट एक्सपोर्ट’ने आणि उबुंटूवर ‘डीपीकेजी गेट-सिलेक्शन्स’ने फाइलीत काढता येते. मग दुकानात तोंडी आठवत बसावं लागत नाही.

एका वेळी मात्र दुरुस्तीच्या मागे लागू नये. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फाइल उघडताना संगणक थिजत असेल, किंवा आज दुरुस्त केलेली यंत्रणा वीज न जाताही आठवड्यात पुन्हा बिघडत असेल, तर दोष बहुधा डिस्कमध्ये आहे. अशा डिस्कवर डीआयएसएम किंवा डीपीकेजी चालवत राहिलं तर तिचं उरलंसुरलं आयुष्य त्यातच संपतं. संगणक बंद करा, डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून आधी डेटा काढून घ्या, नवी एसएसडी घ्या आणि त्यावर नव्याने सगळं बसवा.